अखंड स्वर आणि त्याची नोंद : स्टॉकहोम, मिरज व कसारा

१

मुरबाड व शहापूर या तालुक्यांत 'भूमिगत' हा शब्द उच्चारला की जाणत्या माणसास प्रथम सिद्धगड आठवतो. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्याच चळवळीत, ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या अवधीत, मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत 'काँग्रेस रेडिओ' चालवीत होते. सत्तेच्या नजरेआड राहून लोकांपर्यंत पोचणारे कार्य, असा अर्थ मराठीत या शब्दास तेव्हापासून चिकटला आहे.

पाश्चात्त्य संगीताच्या अलीकडील इतिहासात हाच शब्द निराळ्या अर्थाने येतो. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपन्या, सरकारी नभोवाणी आणि प्रतिष्ठित संगीतगृहे यांच्या कक्षेबाहेर निर्माण झालेले संगीत तेथे 'भूमिगत' म्हटले जाते. ते दडवून ठेवलेले असतेच असे नाही. स्वीडनमधील या संगीताचा सर्वांत गाजलेला मेळावा १९७० साली स्टॉकहोमच्या एका मोकळ्या मैदानावर सर्वांदेखत झाला. येथे 'भूमिगत' या पदाने श्रोत्यापासून लपणे सूचित होत नाही. रूढ सूचीत, कोशात आणि बाजारात त्या संगीताला स्थान नसणे सूचित होते.

दुसरा शब्द 'प्रयोग'. मराठीत नाटकाचा प्रयोग होतो, व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे असे प्रयोग असतात, आणि प्रयोगशाळेतही प्रयोगच चालतो. 'प्रायोगिक' हे विशेषण मात्र आपल्याकडे मुख्यतः रंगभूमीने रूढ केले. १९६० साली स्थापन झालेली 'रंगायन' आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेली चळवळ यांमुळे 'प्रायोगिक नाटक' म्हणताच श्रोत्यापुढे निश्चित चित्र उभे राहते. 'प्रायोगिक संगीत' म्हणताच तसे काही उभे राहत नाही. त्यावरून महाराष्ट्रात संगीताचे प्रयोग झालेच नाहीत असा समज होतो. तो समज वस्तुस्थितीस धरून नाही.

प्रस्तुत निबंधात स्वीडनमधील स्वतंत्र व प्रायोगिक संगीताच्या एका प्रवाहाचा मागोवा घेतला आहे. तो प्रवाह अखंड, दीर्घकाळ धरून ठेवलेल्या स्वराचा आहे. त्याची एक मुळी मिरज-सांगलीच्या परिसरात पोचते. त्याच जातीचा अखंड नाद कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवरही पिढ्यानुपिढ्या घुमत आला आहे. या तीन ठिकाणांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते : एखादे संगीत पुढील पिढीस 'सापडते' की नाही हे त्याच्या गुणांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याची नोंद कोणी व कोणत्या नावाखाली केली यावर ठरते.

२

स्वीडनमध्ये नव्या संगीताचा पुरस्कार करणारी फ्यूल्किंगेन ही संस्था १९३३ साली स्टॉकहोम येथे स्थापन झाली. १९६४ साली स्वीडिश नभोवाणीच्या आश्रयाने तेथे विद्युत्-संगीताचे एक कार्यस्थान सुरू झाले. या दोन संस्थांच्या सान्निध्यात १९६० नंतरच्या दशकात ध्वनिफितीचा उपयोग केवळ मुद्रणासाठी न राहता रचनेसाठी होऊ लागला. भाषाभ्यासकाला विशेष वाटावे असे त्याचे एक फळ म्हणजे 'शब्द-ध्वनि-रचना'. १९६७ साली लार्स-गुन्नार बुदीन व बेंग्ट एमिल यॉन्सन यांनी ही संज्ञा सुचविली. काव्यवाचन आणि संगीत यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या रचनांत उच्चारित शब्द फितीवर घेऊन तो कापला, उलटविला, पुनरावृत्त केला जाई. अर्थ गळून पडल्यावर उरणारा वर्ण, त्याचा घोष, त्याचा श्वास, हीच रचनेची सामग्री होई. १९६८ पासून अशा रचनांचे महोत्सव स्टॉकहोममध्ये भरू लागले.

१९६७ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली त्या वर्षी स्वीडनला गेले. थोड्या स्वराकृती पुनःपुन्हा घोळवीत, वादकांनी आपापल्या गतीने पुढे जात विणलेली त्यांची रचनापद्धती १९६४ सालच्या एका रचनेने प्रसिद्धीस आली होती. त्याच पद्धतीची 'ओल्सन थ्री' ही रचना त्यांनी स्टॉकहोमनजीकच्या नाका येथील संगीतशाळेतील मुलांकडून सादर करविली. व्यावसायिक वादकांच्या कौशल्यावाचूनही, शाळकरी मुलांच्या समूहातून हे संगीत उभे राहू शकते, ही गोष्ट तेथील तरुण संगीतकारांच्या दृष्टीने शिकवण ठरली.

त्याच वर्षी फोल्के राबे यांनी 'वास' या नावाची विद्युत्-रचना केली. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ 'काय' असा होतो आणि रचनाकाराने नावापुढे दोन प्रश्नचिन्हे घातली आहेत. रचनेत चाल नाही, ताल नाही. दीर्घकाळ टिकणारा एक नादपुंज आहे आणि त्यातून सूक्ष्मपणे वर येणारे उपस्वर आहेत. प्रथम एकसुरी वाटणारा तो नाद काही काळाने आतून हलू लागतो. हलणारे काही असेल तर ते श्रोत्याचे लक्ष होय. स्वर पुष्कळ अंशी तोच असतो. तंबोऱ्याच्या सान्निध्यात ज्याने चार घटका काढल्या आहेत त्या महाराष्ट्रीय श्रोत्यास या अनुभवाचा परिचय करून देण्याची गरज नाही.

बू आन्डर्स पेर्शॉन या तरुण संगीतकाराने १९६७ सालीच 'पॅर्सन साउंड' नावाचा वाद्यवृंद उभा केला. फितींची पुनरावृत्त होणारी वेटोळी, विद्युत्-गिटार, व्हायोलिनवर्गीय तंतुवाद्ये आणि एकाच स्वराभोवती बराच वेळ फिरत राहणारे वादन, हे त्याचे स्वरूप होते. या वृंदाने पुढे नावे बदलली व अखेर 'त्रेद, ग्रेस ओक स्तेनार' हे नाव धारण केले. त्याचा अर्थ 'झाडे, गवत आणि दगड' असा आहे. १९७० च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या येर्देत मैदानावर जे मुक्त संगीतमेळे भरले त्यांत हा वृंद अग्रभागी होता. त्याच सुमारास 'सायलेन्स' सारख्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्था निघाल्या. मुद्रण, वेष्टन, वितरण ही सारी कामे संगीतकार व त्यांचे स्नेही मिळून करीत. १९७४ साली 'आबा' या वृंदाने युरोपीय गीतस्पर्धा जिंकली आणि १९७५ ची स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा तिला उत्तर म्हणून या मंडळींनी शहरात आपला पर्यायी महोत्सव भरविला.

एवढे असूनही या संगीताचा मोठा भाग तत्काळ प्रसिद्ध झाला नाही. 'पॅर्सन साउंड'चे १९६७-६८ मधील वादन ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आले ते २००१ साली. कॅथरिन क्रिस्टर हेनिक्स यांनी १९७६ साली स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयात केलेले 'विद्युत् हार्प्सिकॉर्ड' या नावाचे वादन २०१० साली प्रकाशित झाले. दोन्ही ठिकाणी तीन दशकांहून अधिक काळ गेला. आज जगभरचे जिज्ञासू श्रोते या संगीताचा 'शोध लागला' असे म्हणतात, तेव्हा त्यामागील साधी वस्तुस्थिती ही असते की फिती कोणीतरी जपल्या होत्या, आणि वादन कोणाचे, कोठले व केव्हाचे हे सांगता येत होते.

३

हेनिक्स यांच्या उपर्युक्त वादनापाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण भारताशी असलेला धागा तेथे स्पष्ट दिसतो. हेनिक्स यांचा जन्म १९४८ साली स्टॉकहोम येथे झाला व मृत्यू २०२३ साली इस्तंबूल येथे. भाषाशास्त्र व गणितीय तर्कशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. १९७६ च्या वादनासाठी त्यांनी विद्युत् स्वरपट्टीचे वाद्य शुद्ध गुणोत्तरांत जुळवून घेतले आणि मुलतानी रागाचे स्वर आधारास धरले. एका युरोपीय शहरातील कलासंग्रहालयात मुलतानी कसा पोचला, याचे उत्तर किराणा घराण्याच्या इतिहासात मिळते.

हेनिक्स यांचे गुरू पंडित प्राणनाथ. त्यांचा जन्म १९१८ साली लाहोर येथे झाला. ते उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. दिल्ली विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९७० साली ते न्यूयॉर्कला गेले, आणि १९७२ साली तेथे त्यांनी किराणा घराण्याच्या नावाने शिक्षणकेंद्र काढले. ला माँट यंग, मॅरियन झझीला व टेरी रायली हे त्यांचे प्रमुख पाश्चात्त्य शिष्य होत. कालक्रमाचा एक मुद्दा येथे ध्यानात ठेवला पाहिजे. रायली १९६७ साली स्वीडनला गेले तेव्हा ते प्राणनाथांचे शिष्य झाले नव्हते. म्हणजे पुनरावृत्ती व दीर्घ स्वर यांचा ध्यास स्वीडनमध्ये आधी पोचला आणि किराण्याची प्रत्यक्ष तालीम नंतर. यंग यांच्या बाबतीतही पूर्वतयारी ध्वनिमुद्रिकेने केली होती. उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ साली अमेरिकेत निघालेली दीर्घवादन-मुद्रिका ऐकून तंबोऱ्याच्या नादाने त्यांचे चित्त वेधले होते.

स्वीडनमध्ये तंबोरा दुसऱ्या वाटेनेही आला. अमेरिकन तुतारीवादक डॉन चेरी आणि त्यांच्या स्वीडिश पत्नी, चित्रकर्त्री मोकी चेरी, हे दांपत्य दक्षिण स्वीडनमधील टोगार्प या खेड्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहावयास गेले. मोकी चेरी यांनी शिवलेले रंगीत कापडी पट रंगमंचावर लावले जात आणि त्या स्वतः तंबोरा धरीत. मुलांच्या शिकवण्या, स्वयंपाक, वादन व शिवण हे सारे एकाच छपराखाली चाले. १९७३ साली निघालेल्या डॉन चेरी यांच्या 'ऑर्गॅनिक म्युझिक सोसायटी' या मुद्रिकेत त्या सामूहिक जीवनाचा ठसा आहे.

४

अब्दुल वहीद खाँ यांचे नाव घेताच किराण्याची दुसरी, महाराष्ट्रात रुजलेली शाखा समोर येते. त्यांचे नातलग उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी मिरज ही आपली कर्मभूमी केली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचा अंत झाला, आणि मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांना प्रदीर्घ तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. अशा रीतीने हिराबाई आणि हेनिक्स यांचे गुरू प्राणनाथ हे एकाच गुरूचे शिष्य ठरतात. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट काढून हिराबाईंचे गाणे ऐकणाऱ्या श्रोत्यास स्टॉकहोममधील त्या वादनाशी आपले असे नाते जुळेल याची कल्पना असणे शक्य नव्हते.

परंतु नाते केवळ गुरुपरंपरेचे नाही. हेनिक्स यांनी जो प्रश्न हाताळला तोच प्रश्न सांगली-मिरजेकडे सहासष्ट वर्षे आधी उपस्थित झाला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदुस्थानी सप्तक व बावीस श्रुती यांवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या संशोधनात स्वर कायम करण्यासाठी त्यांनी आधार घेतला तो अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा. मुलकी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी या कार्यात त्यांना साथ दिली व १९१३ साली स्वतःचा ग्रंथ काढला. या खटाटोपातून 'श्रुति-हार्मोनियम' निर्माण झाले. एका सप्तकात बारापेक्षा अधिक पट्ट्या असलेले हे वाद्य भारतीय स्वरांची शुद्ध गुणोत्तरे वाजवून दाखविण्यासाठी बनविलेले होते.

प्रश्नाचे स्वरूप थोडक्यात असे. षड्ज व पंचम यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर २ : ३ असते, षड्ज व शुद्ध गांधार यांचे ४ : ५. नेहमीच्या हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे त्यावरील गांधार या शुद्ध गांधाराहून चढा लागतो. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर हा फरक सुमारे चौदा भागांचा भरतो. जवारीदार तंबोऱ्याच्या षड्जातून न छेडताच जो स्वयंभू गांधार उमटतो तो मात्र शुद्ध असतो. म्हणून तंबोरा व हार्मोनियम एकत्र वाजू लागले की तयार कानास त्यांच्यातील विसंवाद जाणवतो. याच आक्षेपाशी संबंधित वादातून १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत टिकली.

१९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुति-हार्मोनियमचा विषय निघाला व त्यावर तीव्र मतभेद झाले. कोणता गायक प्रमाण मानावयाचा, एकाच रागातील स्वर सर्व गवई एकाच जागी लावतात काय, आणि चल असणारा स्वर अचल पट्टीवर बसविता येईल काय, हे आक्षेप आजही विचारार्ह आहेत. ते वाद्य प्रचारात आले नाही. तथापि ज्या अर्थाने स्वीडनमधील संगीत प्रायोगिक म्हटले जाते त्या अर्थाने हे कार्य निःसंशय प्रायोगिक होते : गृहीतक होते, मोजमाप होते, नवे वाद्य होते आणि जाहीर परीक्षाही होती. आपल्या वाङ्मयात ते 'श्रुतिविवाद' या सदराखाली पडले, म्हणून संगीतातील प्रयोग असे त्यास कोणी म्हटले नाही. देवलांच्या ग्रंथाचा हेनिक्स यांच्यावर प्रभाव पडला असा निष्कर्ष यावरून काढता कामा नये. एका घराण्याच्या स्वरलगावाने दोन दूरच्या ठिकाणी, दोन निरनिराळ्या काळी, स्वरपट्टीचे वाद्य पुन्हा जुळविण्याची गरज उत्पन्न केली, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

मिरजेच्या या इतिहासात आणखी एका घटकाची नोंद झाली पाहिजे, ती वाद्यकारांची. एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत सतार व तंबोरा बनविणाऱ्या कुटुंबांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळ्यांना नाद दिला. घोडीवरील घर्षण व धाग्याची जागा एका केसाने चुकली तर जवारी लागत नाही. स्वयंभू गांधाराचे सारे शास्त्र त्यांच्या बोटांत होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. ही मान्यता उशिरा आली, परंतु ती नावानिशी व गावानिशी आली.

५

भोपळ्याचा हाच धागा धरून आता कसाऱ्याकडे वळता येते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यास पोचला व १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीस गेला. सदतिसास एक अशा चढामुळे गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि त्यासाठी त्या कसाऱ्यास थांबतात. दीडशेहून अधिक वर्षे मुंबईहून उत्तरेकडे जाणारी पुष्कळशी वाहतूक या थांब्यावरून गेली आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंना, डोंगराच्या सोंडांवर आणि वैतरणेच्या खोऱ्याकडे, ठाकर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांचे पाडे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके तिकडे गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले. नाचगाण्याची परंपरा मात्र या सीमेने दुभंगलेली नाही.

वारल्यांचा तारपा हे या प्रदेशातील अखंड नादाचे प्रमुख वाद्य होय. लांबट वाळक्या भोपळ्याच्या पोटात हवेचा साठा होतो. त्यास मेणाने दोन बांबूच्या नळ्या बसवितात. नळ्यांत जिभाळ्या असतात, आणि टोकाशी ताडाच्या पानाचा गुंडाळून केलेला कर्णा असतो. वादक गालांत हवा धरून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे नाद मध्ये तुटत नाही. भात तयार होऊ लागले की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या पुढेपर्यंत वाजत राहतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून वादकाभोवती वळसे घेतात. चाल बदलली की पावले बदलतात. हे नाच रात्रीच्या रात्री चालतात. श्रोता व वादक यांच्यामध्ये रंगमंचाची रेषा नसते. येर्देतच्या मैदानावर जी गोष्ट चळवळ म्हणून घडवून आणावी लागली ती येथे ऋतुमानाचा भाग आहे.

याखेरीज दोन भोपळ्यांची तंतुवाद्य घांगळी कणसरी देवीच्या कथागायनात साथीस असते. विवाहात धवलेऱ्या या वारली स्त्रिया पौरोहित्याची गीते गातात. ठाकरांच्या वस्त्यांवर कामडी नाच चालतो. या प्रत्येकाचे स्वतंत्र विवेचन होणे जरूर आहे. प्रस्तुत संदर्भात तारप्याचाच विचार केला आहे, कारण त्यात स्वर जुळविण्याचा प्रश्न उघड आहे. नळीची लांबी, छिद्रांमधील अंतर, जिभाळीची जाडी आणि मेणाचा लेप हे सारे करणाऱ्याच्या हाती असते. हार्मोनियमप्रमाणे ठरीव पट्टी नाही, तंबोऱ्याप्रमाणे कान पिळून स्वर बदलण्याची सोय नाही. करणाऱ्याने एकदा जे ठरविले ते त्या वाद्याचे सप्तक. या दृष्टीने प्रत्येक नवा तारपा हा एक प्रयोगच असतो. श्रुतिविवादाच्या काळात प्रमाण शोधले गेले ते संस्कृत ग्रंथांत आणि दरबारी गवयांच्या गळ्यांत. घाटातील वाद्यकार त्या विचारकक्षेत आला नाही.

या प्रदेशाची नोंदच झाली नाही असे नव्हे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील जमातींची वर्णने आहेत. १९०५ साली भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड निघाला. तो सिद्ध करणारे स्टेन कोनो हे नॉर्वेचे, म्हणजे स्वीडनच्या शेजारचे होते. त्या खंडात ठाकरी, काथोडी व वारली या बोलींचा परामर्श आहे. सर्वेक्षणाच्या ठरीव पद्धतीप्रमाणे बोलींचे नमुने मुख्यतः उधळ्या पुत्राच्या कथेच्या भाषांतरावरून घेतले जात. पुढे के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ साली व ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. बोली टिपली गेली, चालीरीती टिपल्या गेल्या, गीतांचे शब्दही छापले गेले. कागदाला जे धरता येत नाही ते, म्हणजे नाद, बाहेर राहिले. ध्वनिमुद्रणाचे तंत्र भारतात १९०२ पासून उपलब्ध होते आणि अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या १९०४-०५ च्या सुमारास निघूही लागल्या होत्या. तबकडी विकली जाणे आवश्यक होते. ज्याचा श्रोता हा स्वतःच नाचणारा आहे, अशा संगीताला ग्राहक नव्हता.

चित्रकलेशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक ठळक होतो. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी वारली चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांचे नाव देशोदेशी गेले व २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तारपावादक आणि त्याभोवतीचे नाचणाऱ्यांचे चक्र हे त्या चित्रांतील सर्वांत परिचित दृश्य होय. आज ते भिंतींवर, साड्यांवर, कचेऱ्यांच्या फाटकांवर आणि भेटवस्तूंवर सर्वत्र दिसते. ते दृश्य ओळखणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोड्यांनी तारप्याचा नाद ऐकलेला असतो. २०२६ साली जव्हार तालुक्यातील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे. चित्राला नाव मिळाले त्यानंतर पंधरा वर्षांनी नादाला नाव मिळाले. लग्नसराईत आता पाड्यापाड्यांवर बँजो व विद्युत्-ध्वनिक्षेपकांचे वादन ऐकू येते, हेही येथेच सांगितले पाहिजे.

६

वरील विवेचनावरून स्वीडिश संगीत श्रेष्ठ आणि तारपा उपेक्षित, किंवा याच्या उलट, अशी मांडणी करण्याचे कारण नाही. स्वीडनमधील त्या तरुणांना सरकारी नभोवाणीचे यंत्र, संग्रहालयाचे दालन व शिक्षणाचा आधार उपलब्ध होता. त्यांच्या 'भूमिगत' जीवनाला एका संपन्न राज्याची जमीन होती. त्या आधाराचा उपयोग त्यांनी एका गोष्टीसाठी निश्चित केला : आपल्या संगीताला नाव, तारीख आणि ठिकाण दिले. म्हणून तीस-चाळीस वर्षांनी ते संगीत सापडू शकले. मिरज-सांगलीच्या प्रयोगाची नोंद ग्रंथरूपाने राहिली, पण ती शास्त्रचर्चेच्या नावाखाली राहिल्यामुळे संगीताच्या इतिहासकाराने तिच्याकडे प्रयोग म्हणून पाहिले नाही. कसाऱ्याच्या परिसरातील नादाची नोंद 'लोकसंगीत' किंवा 'आदिवासी नृत्य' या सदरात झाली. त्या सदरात वाद्य असते, जमात असते, पण वाद्य करणारा माणूस व त्याने घेतलेला निर्णय नसतो.

वर्गनामाचा हा परिणाम भाषेच्या अभ्यासकास सहज ओळखू येण्यासारखा आहे. एखाद्या बोलीस 'अशुद्ध' म्हटले की तिच्यातील नियमबद्धता दिसेनाशी होते. त्याचप्रमाणे एखाद्या संगीतास 'परंपरागत' म्हटले की त्यातील नवेपणा ऐकू येईनासा होतो. 'प्रायोगिक' हे विशेषण उलट दिशेने तोच अन्याय करू शकते. मग जुन्या गोष्टीही नव्या वाटू लागतात, आणि ज्यांच्याकडून त्या घेतल्या त्यांची नावे मागे पडतात.

याहून वेगळी पद्धती महाराष्ट्रातच सिद्ध झालेली आहे. हेमा राईरकर व गी पॉइट्वॅ यांनी जात्यावरील ओव्यांचा जो संग्रह केला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव व तिचे गाव यांसह ती नोंदविण्याचा कटाक्ष त्यात आहे. बर्नार्ड बेल यांनी त्यास तांत्रिक साहाय्य दिले, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणल्या. दळणाऱ्या बाईचे गाणे 'लोकगीत' म्हणून निनावी न राहता तिचे म्हणून ओळखले जाऊ लागले.

शहापूर, मुरबाड व लगतच्या तालुक्यांतील तारप्याच्या बाबतीत असेच काम व्हावयास हवे. वादकाचे व वाद्य करणाऱ्याचे नाव, पाडा, ऋतू, नळ्यांची मापे, चालीचे स्थानिक नाव आणि अखंड रात्रीचे मुद्रण, इतकी माहिती एकत्र आली तरी पुष्कळ साधेल. मात्र ती मुद्रणे कोणाच्या मालकीची, कोणाच्या संमतीने व कोणत्या भाषेत नोंदलेली, हे प्रारंभीच ठरले पाहिजे. चालींची नावे त्या त्या बोलीतच राहिली पाहिजेत. भाषाविभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांजवळ त्यासाठी लागणारे एक साधन असतेच, ते म्हणजे बोली ऐकण्याचा सराव. भोपळा पिकतो, मेण वितळते, जिभाळी झिजते. वाद्याचे आयुष्य थोड्या वर्षांचे असते. ते कसे जुळवावे हे जाणणारी पिढी आज वृद्ध आहे. आणखी तीस वर्षांनी या नादाचा शोध घेण्यास कोणी कसाऱ्यास उतरला, तर त्यास ऐकावयास काय मिळेल हे या काही वर्षांतील कामावर अवलंबून राहील.